सात क्लिक, चारशे वेळा

महाराष्ट्रातून म्हैसूरला जाणारा प्रवासी राजवाडा पाहतो, चामुंडीच्या टेकडीवर जातो, वृंदावन बागेतली कारंजी पाहतो आणि म्हैसूरपाकाचा पुडा घेऊन परततो. हुणसूर रस्त्यावर, विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरालगत असलेली केंद्रीय भारतीय भाषा संस्था त्याच्या यादीत नसते. खरे तर मराठी माणसाने एकदा तरी तिच्या फाटकासमोर क्षणभर थांबावे, अशी ती जागा आहे. 17 जुलै 1969 रोजी स्थापन झालेल्या या संस्थेत इतर भारतीय भाषांबरोबर मराठीचाही फार मोठा साठा संगणकात जपलेला आहे. हा साठा कथा-कादंबऱ्यांच्या कपाटासारखा नाही. मराठी माणसे लिहितात कशी, कोणता शब्द कोणाच्या शेजारी बसवतात, हे तपासण्यासाठी गोळा केलेला तो लाखो शब्दांचा मजकूर आहे.

या कामाची सुरुवात 1991च्या सुमारास झाली. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने प्रत्येक प्रमुख भाषेतले सुमारे 30 लाख शब्द संगणकावर आणायचे ठरवले. मराठी आणि गुजरातीचे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे गेले. कन्नड, तमिळ, तेलुगू आणि मल्याळम या भाषा म्हैसूरकडे आल्या. पुढे सगळ्याच भाषांचा साठा म्हैसूरला एकत्र झाला. 2019 साली याच संस्थेतून मराठी लिखित मजकुराचा एक नवा, तपासलेला संच अभ्यासकांसाठी बाहेर पडला.

पण मजकूर जमवला म्हणजे काम झाले, असे संगणकाच्या जगात होत नाही. तो एका रूपातून दुसऱ्या रूपात न्यावा लागतो. 1991 साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचे प्रमाण ठरले आणि नेमक्या त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांसाठी 'युनिकोड'ची पहिली आवृत्ती निघाली. शेवटी सारे जग युनिकोडकडे गेले. मधल्या काळात भारतात जे लाखो पानांचे टंकन झाले, ते कुठल्या तरी तिसऱ्याच पद्धतीने. श्रीलिपी, आयएसएम, आकृती ही नावे छापखान्यात काम केलेल्या कोणालाही आठवतील. या जुन्या फाँटमध्ये पडद्यावर 'क' दिसे, पण संगणकाच्या पोटात त्या जागी एखादे रोमन अक्षर किंवा भलतेच चिन्ह असे. फाँट आहे तोवर मराठी. फाँट गेला की नुसती खडीसाखर सांडल्यासारखी चिन्हे.

इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाने म्हैसूरच्या संस्थेला सोबत घेऊन दक्षिण आशियाई भाषांचा एक मोठा संग्रह तयार केला, तेव्हा त्यांच्यापुढे हीच अडचण होती. तिथल्या अँड्र्यू हार्डी यांनी जुन्या संकेतांतला मजकूर युनिकोडमध्ये नेण्यासाठी 'युनिकोडिफाय' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. विद्यापीठांना असे करता येते. त्यांच्याकडे प्रोग्रॅम लिहिणारा माणूस असतो.

घरात तसा माणूस क्वचितच असतो. तिथे असतो तो एक तयार प्रोग्रॅम, त्याच्या डोक्यावर मेनूची पट्टी, आणि माऊस धरलेला एक हात.

समजा, म्हैसूरला नोकरीच्या निमित्ताने येऊन तिथेच स्थायिक झालेले एक मराठी कुटुंब आहे. आजोबांनी मंडळाच्या अंकासाठी बारा वर्षे लेख लिहिले, ते घरच्या संगणकावर जुन्या मराठी फाँटमध्ये टंकले, आणि दर वर्षाचे एक याप्रमाणे बारा फोल्डर करून ठेवले. सगळे मिळून चारशे लेख. आता तो फाँट नव्या संगणकावर चालत नाही. रूपांतर करणारा एक प्रोग्रॅम मिळाला आहे. त्यात फाइल उघडायची, 'फाइल' मेनूत जायचे, तिथून 'एक्स्पोर्ट', तिथून 'टेक्स्ट', मग येणाऱ्या चौकटीत 'युनिकोड' निवडायचे, 'ओके' म्हणायचे आणि फाइल मिटायची. सात क्लिक. चारशे लेखांचे झाले 2800 क्लिक.

एका क्लिकला चार सेकंद धरले तर हा हिशोब तीन तासांच्या थोडा पुढे जातो. ऐकायला फार वाटत नाही. पण तीन तास सलग हे काम कोणी करू शकत नाही. साठाव्या फाइलीला मनगट दुखू लागते, नव्वदाव्या फाइलीला डोळा चुकतो आणि 'टेक्स्ट'च्या जागी त्याच्या खालच्या ओळीवर बोट पडते. पडले ते कळतही नाही. संगणक ज्या कामासाठी जन्मला ते काम माणूस करतो आहे आणि संगणक नुसता बघत बसला आहे, असा हा उलटा प्रकार आहे.

आजोबा नातीला म्हणतील, "अगं, तू एवढी शिकलीस, याला काही तोड नाही का?" नात म्हणेल, "आहे ना आजोबा. क्लिक करायचं काम मशीनलाच सांगू." या सांगण्याला स्क्रिप्ट म्हणतात. नाटकाच्या संहितेसारखीच ती असते: आधी कोणी काय करायचे, मग काय, मग काय.

स्क्रिप्टचा सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे रेकॉर्डर. टेपरेकॉर्डरवर गाणे भरावे तसे माऊसचे काम एकदा भरून घ्यायचे आणि पुन्हा पुन्हा वाजवायचे. 1990च्या विंडोज 3.0 आणि त्यानंतरच्या 3.1 मध्ये असा रेकॉर्डर संगणकासोबतच येत असे. विंडोज 95 आली आणि तो नाहीसा झाला. त्याची चुटपुट लागलेली माणसे थोडी नव्हती, पण तो गेला यात तसे आश्चर्य नव्हते. माऊसच्या हालचाली भरून घेताना असा रेकॉर्डर प्रामुख्याने जागा लक्षात ठेवतो. डावीकडून 212 ठिपके, वरून 48 ठिपके, तिथे क्लिक. खिडकी जरा सरकली, पडदा मोठा आला, मेनूत वर एखादी ओळ वाढली, की तोच क्लिक शेजारच्या दारावर पडतो. नव्या पोस्टमनला "डावीकडचं तिसरं घर" एवढेच सांगावे आणि मधल्या रिकाम्या जागेवर कोणी घर बांधावे, तसे होते. पत्र पोहोचते, पण भलत्याच घरी.

म्हणून शहाणी स्क्रिप्ट जागेवर जात नाही, दारावरची पाटी वाचते. 'फाइल' नावाचा मेनू शोध, त्यात 'एक्स्पोर्ट' नावाची ओळ शोध, तिच्यातून निघणाऱ्या मेनूत 'टेक्स्ट' शोध आणि त्यावर क्लिक कर. खिडकी कुठेही असो, नाव तेच राहते.

आता प्रश्न असा, की एका प्रोग्रॅमच्या मेनूवर काय लिहिले आहे ते दुसऱ्या प्रोग्रॅमला कसे कळते? माणसाला ते डोळ्यांनी दिसते. स्क्रिप्टला डोळे नाहीत. इथे या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट येते, आणि ती संगणकाच्या पुस्तकांत सहसा तळटिपेत ढकललेली असते. हे दार स्क्रिप्टसाठी कोणी उघडलेलेच नाही. ते अंध माणसांसाठी उघडले गेले.

टेड हेंटर हे अमेरिकेतले मोटरसायकल शर्यतपटू होते. 1978 साली मोटारीच्या अपघातात त्यांची दृष्टी गेली. पुढे ते संगणकाकडे वळले आणि 1989 साली पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा 'जॉज' हा प्रोग्रॅम त्यांच्या कंपनीने बाजारात आणला. तेव्हाचा पडदा म्हणजे काळ्या पाटीवरची अक्षरे. ती वाचून दाखवणे तुलनेने सोपे होते. विंडोज आली आणि अक्षरांच्या जागी चित्रे, बटणे, मेनू आले. ही चित्रे वाचायची कशी? म्हणून 1997 साली मायक्रोसॉफ्टने एक सोय केली. प्रत्येक प्रोग्रॅमने आपली बटणे आणि मेनू यांची नावे, प्रकार आणि स्थिती मागणाऱ्याला सांगावी, अशी ती सोय. मॅकमध्येही तसाच मार्ग पुढे आला. 2006 साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने 'एनव्हीडीए' हा असाच वाचक प्रोग्रॅम सुरू केला, जेम्स टेह हे त्यांचे अंध मित्र त्यात आले, आणि तो आजही कोणालाही मोफत मिळतो.

म्हणजे आजोबांच्या लेखांसाठी नात जी स्क्रिप्ट लिहील, ती अंध वाचकासाठी केलेल्या वाटेनेच जाईल. यातून एक फार व्यावहारिक कसोटी मिळते. एखाद्या प्रोग्रॅमच्या मेनूवर स्क्रिप्ट चालत नसेल, नावच सापडत नसेल, तर बहुधा अंध माणसालाही तो मेनू ऐकू येत नसतो. प्रोग्रॅम करणाऱ्याने बटणावर सुंदर चित्र काढले आणि त्याला नाव द्यायचे राहिले. एनव्हीडीए सुरू करून मेनूवरून बाणाची कळ फिरवली, तर कुठे नाव आहे आणि कुठे नुसते "बटण, बटण" ऐकू येते, ते दोन मिनिटांत समजते.

अ‍ॅपलने 1993 साली 'अ‍ॅपलस्क्रिप्ट' नावाची भाषा आणली. साध्या इंग्रजीसारखी वाक्ये लिहून मॅकला काम सांगता यावे, ही तिची कल्पना. सुरुवातीच्या काळात तिची फ्रेंच आणि जपानी रूपेही निघाली होती. 2003च्या सुमारास या भाषेतून कोणत्याही प्रोग्रॅमच्या मेनूवर क्लिक करता येऊ लागले. पण एका क्लिकसाठी जे वाक्य लिहावे लागे ते ऐकण्यासारखे आहे. मराठीत आणले तर त्याचा क्रम असा होईल: क्लिक कर ओळ 'टेक्स्ट' वर, जी आहे पहिल्या मेनूत, जो आहे 'एक्स्पोर्ट' या ओळीचा, जी आहे पहिल्या मेनूत, जो आहे पट्टीवरच्या 'फाइल' या नावाचा, जे आहे पहिल्या मेनूपट्टीवर, जी आहे 'रूपांतर' या प्रोग्रॅमची.

हे वाचून दम लागतो, आणि त्याला कारण आहे. इंग्रजी पत्ता आतून बाहेर जातो. मराठी बाहेरून आत येते. "वाड्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीतल्या कपाटातला डबा आण" हे वाक्य आपल्याकडे सहा वर्षांच्या मुलालाही कळते, कारण त्यातले शब्द पायांच्याच क्रमाने चालतात. अ‍ॅपलस्क्रिप्टचे मराठी रूप निघाले असते तर हे वाक्य निम्म्याने सोपे झाले असते, असे म्हणायला हरकत नाही. शिवाय या लांब वाक्यात 'मेनू' आणि 'ओळ' हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, कारण संगणकाच्या दृष्टीने 'एक्स्पोर्ट' ही ओळ वेगळी आणि तिच्यातून उघडणारा मेनू वेगळा. दार वेगळे आणि खोली वेगळी, तसे.

आता सात क्लिकपैकी तीन मेनूतले असतील, तर असे लांब वाक्य एकदाच लागते. पण स्क्रिप्ट वाढत जातात. लेखांनंतर आजींच्या पाककृती येतात, मग मंडळाचा हिशोब येतो. प्रत्येक वेळी तेच वाक्य उचलून खाली चिकटवायचे आणि त्यातले एक-दोन शब्द बदलायचे. सहा महिन्यांनी ती स्क्रिप्ट तीनशे ओळींची होते आणि ज्याने लिहिली त्याच्याशिवाय कोणाला वाचता येत नाही. तो नोकरी बदलून दुसऱ्या गावी गेला, की घरच्यांकडे एक अशी वस्तू उरते जी चालते तोवर चालते आणि बंद पडली की तिला हात लावायची कोणाची छाती होत नाही. कार्यालयांतून हे दृश्य फार जुने आहे. ज्या एक्सेलच्या तक्त्याला "त्याला हात लावू नका हं" म्हणतात, तो तक्ता बहुधा याच जातीचा असतो.

उपाय छोटा आहे. लांब वाक्यातला न बदलणारा भाग एकदाच लिहून त्याला नाव द्यायचे, समजा 'मेनू-निवड'. बदलणारा भाग म्हणजे फक्त नावांची यादी: रूपांतर, फाइल, एक्स्पोर्ट, टेक्स्ट. यापुढे स्क्रिप्टमध्ये एवढेच दिसेल: मेनू-निवड, आणि पुढे कंसात ही चार नावे, बाहेरून आत, वाड्यापासून डब्यापर्यंतच्या क्रमाने.

'मेनू-निवड' आतून काय करते, तेही समजायला कठीण नाही. यादीतले पहिले नाव प्रोग्रॅमचे. त्याला समोर आण. दुसरे नाव पट्टीवर शोध. त्यानंतर दर वेळी एकच काम: ज्या मेनूत उभी आहेस त्यात पुढचे नाव शोध. ते यादीतले शेवटचे असेल तर क्लिक कर आणि परत ये. शेवटचे नसेल तर त्याच्या मेनूत शीर आणि हेच काम पुन्हा कर. मेनू दोन पातळ्यांचा असो की पाच, सूचना तीच. वाड्यात कितीही खोल्या असल्या तरी दार उघडण्याची रीत बदलत नाही.

आणि नाव सापडले नाही तर? बहुतेक नवशिक्यांच्या स्क्रिप्टमध्ये या प्रश्नाचे उत्तर नसते. तिथे संगणक एखादा इंग्रजी आकडी संदेश फेकतो किंवा, त्याहून वाईट, तसाच पुढे जातो. 'मेनू-निवड' एकाच जागी लिहिलेली असल्यामुळे तिथेच एक ओळ वाढवता येते: "'फाइल' मेनूत 'एक्स्पोर्ट' सापडले नाही, काम थांबवले." ही एक ओळ नातीला बेंगळुरूहून रात्री फोन करायला लावत नाही. आजोबा स्वतः वाचतात, मेनू उघडून पाहतात आणि त्यांना दिसते, की प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली आणि तिच्यात त्या ओळीचे नाव 'सेव्ह अ‍ॅज' झाले आहे. यादीतला एक शब्द बदलला, की पुन्हा सुरू.

नावे बदलण्याचे प्रकारही मजेदार आहेत. काही ओळी स्वतःचेच नाव फिरवतात. पट्टी दिसत असेल तर मेनूत 'पट्टी लपवा' लिहिलेले असते, लपलेली असेल तर त्याच जागी 'पट्टी दाखवा'. स्क्रिप्टने दोन्ही नावे विचारली पाहिजेत. मॅकवर ज्या ओळीपुढे टिंबे असतात ती डोळ्यांना तीन दिसली तरी बहुधा तीन टिंबांचे मिळून एकच चिन्ह असते. स्क्रिप्टमध्ये तीन पूर्णविराम टंकले तर नाव जुळत नाही आणि अर्धा दिवस डोके खाजवण्यात जातो. संगणकाची भाषा कोणी इंग्रजीची मराठी किंवा कन्नड केली, तर सगळीच नावे बदलतात. आणि 2007 साली मायक्रोसॉफ्टने वर्डमधले मेनूच काढून तिथे 'रिबन' आणली, तेव्हा नावाने चालणाऱ्या स्क्रिप्टही एका रात्रीत आंधळ्या झाल्या.

वेळेची गोष्ट वेगळी. स्क्रिप्ट माणसापेक्षा फार उतावळी असते. फाइल उघडून पूर्ण दिसायच्या आत ती पुढच्या मेनूवर गेलेली असते. यावर "दोन सेकंद थांब" असे लिहिण्याची पद्धत आहे. लहान लेखाला दोन सेकंद जास्त होतात, चित्रे घातलेल्या मोठ्या लेखाला कमी पडतात. "खिडकीच्या माथ्यावर फाइलीचे नाव दिसेपर्यंत थांब, पण अर्ध्या मिनिटाच्या वर नको" ही सूचना लिहायला थोडी लांब, पण तीच बरोबर. हीदेखील एकदाच लिहून तिला नाव देता येते. मेनूतली एखादी ओळ करड्या रंगात असेल तर ती त्या क्षणी चालणारी नाही हे माणसाला दिसते. स्क्रिप्टने ते विचारून घ्यावे लागते.

या सगळ्यापेक्षा मोठा धोका मात्र मेनूत नाही, त्यानंतर येणाऱ्या चौकटीत आहे.

आजोबांचे बारा फोल्डर आठवून पाहावेत. प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमध्ये फायलींची नावे तीच: लेख-1, लेख-2, लेख-3. कोणा वर्षी तीस, कोणा वर्षी छत्तीस. स्क्रिप्टला सांगितले, की रूपांतर झालेले सगळे लेख एका नव्या फोल्डरमध्ये ठेव. पहिले वर्ष सुरळीत गेले. दुसऱ्या वर्षीचा लेख-1 आला आणि संगणकाने विचारले, "या नावाची फाइल आहे, तिच्या जागी ही ठेवू का?" स्क्रिप्टला शिकवले आहे, की चौकट आली की 'ओके'. तिने ओके म्हटले. पुन्हा आली, पुन्हा ओके. चारशे फायली फिरून झाल्यावर नव्या फोल्डरमध्ये उरल्या छत्तीस, आणि त्याही बहुतेक शेवटच्या वर्षाच्या. कुठेही चूक झाल्याचा संदेश नाही. स्क्रिप्टने सांगितले ते चोख केले. जुने फोल्डर तसेच असतील तर हे परत करता येते. "आता नव्यात आलं ना सगळं" म्हणून कोणी जुने पुसून टाकले असतील, तर साडेतीनशेहून अधिक लेख गेले.

म्हणून न कळणाऱ्या चौकटीला स्क्रिप्टने कधीही 'ओके' म्हणू नये. यादीत असलेल्या चौकटीलाच उत्तर द्यावे; अनोळखी चौकट दिसली की थांबावे आणि माणसाला बोलवावे. मूळ फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्याशिवाय सुरुवात करू नये. आधी तीन फायलींवर चालवून पाहावे, त्यातली एक मुद्दाम वेगळ्या वर्षाची घ्यावी. नव्या फाइलीच्या नावात वर्ष घालावे. आणि संपल्यावर मोजावे: गेल्या किती, आल्या किती. मोजणे हे काम इतके साधे आहे, की तेच सर्वांत जास्त राहून जाते. चारपाच लेख उघडून डोळ्यांनी वाचावेतही. जुन्या फाँटमधून येताना ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते, रफार पुढच्या अक्षरावर बसतो. 'कर्म' आणि 'क्रम' यांची अदलाबदल झालेली कोणत्याही मोजणीत दिसत नाही.

दुसरी सावधगिरी परवानगीची. दुसऱ्या प्रोग्रॅमची बटणे दाबण्याचा अधिकार म्हणजे घराची किल्ली. अंध माणसाच्या वाचक प्रोग्रॅमला ती द्यावीच लागते, पण त्याच किल्लीने चोरही आत येऊ शकतो. 2013 पासून मॅक प्रत्येक प्रोग्रॅमसाठी ही परवानगी वेगळी मागतो. विंडोज व्हिस्टापासून साध्या अधिकारांनी चाललेल्या प्रोग्रॅमला व्यवस्थापकाच्या अधिकारांनी चाललेल्या खिडकीत बटणे दाबता येत नाहीत. कुठून तरी उतरवून घेतलेल्या अनोळखी स्क्रिप्टला ही परवानगी देऊ नये, आणि बँकेचा पासवर्ड कोणत्याही स्क्रिप्टमध्ये लिहू नये.

साधने शोधायला लांब जावे लागत नाही. मॅकवर अ‍ॅपलस्क्रिप्ट संगणकासोबतच येते. विंडोजसाठी 1999 पासूनचे 'ऑटोइट' आणि 2003 पासूनचे 'ऑटोहॉटकी' ही दोन्ही मोफत आहेत, आणि त्यांत मेनूची नावे ओळीने देण्याची सोय आधीच करून ठेवलेली आहे. अर्थात जुन्या धाटणीच्या मेनूंवरच ती चालते. 2021 साली मायक्रोसॉफ्टने 'पॉवर ऑटोमेट' हा प्रोग्रॅम विंडोज 10 वापरणाऱ्यांना मोफत दिला. त्यात लिहावे लागत नाही, पायऱ्या एकाखाली एक मांडाव्या लागतात. मोठ्या कंपन्यांत हेच काम 'रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशन' अशा भारदस्त नावाने चालते. पुण्यात 1981 साली सुरू झालेल्या इन्फोसिसचा म्हैसूरचा परिसर नव्याने भरती झालेल्या हजारो मुलामुलींना शिकवण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि तिच्या संस्थापकांपैकी नारायण मूर्ती हे म्हैसूरच्याच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनिअरिंगचे 1967चे पदवीधर. त्या परिसरातून बाहेर पडणाऱ्यांपैकी काहींच्या वाट्याला पुढे हेच काम येते: विमा कंपनीच्या जुन्या प्रोग्रॅममधून आकडे उचलायचे आणि नव्या प्रोग्रॅमच्या चौकटीत टाकायचे. रोबोट म्हटले तरी तो डोळे मिटून मेनूवरची नावे वाचणारा आपला ओळखीचाच गडी असतो, आणि नाव बदलले की तोही अडतो.

या सगळ्या खटाटोपाआधी एक प्रश्न विचारायचा असतो, आणि तो विचारला तर पुष्कळदा स्क्रिप्टच लिहावी लागत नाही. मेनूतून जायलाच हवे का? वर्ड आणि एक्सेलला आतूनच आज्ञा देता येतात. तिथे मेनू उघडून दाखवण्याची गरज नसते. अनेक रूपांतर प्रोग्रॅममध्ये 'संपूर्ण फोल्डर' अशी ओळ कुठे तरी तिसऱ्या मेनूत दडलेली असते आणि ती कोणी वाचलेली नसते. कळफलकाची जोडही विसरू नये; विंडोजमधल्या जुन्या धाटणीच्या मेनूंत 'ऑल्ट'ची कळ दाबली की नावांतले एकेक अक्षर अधोरेखित होते, आणि तेवढी अक्षरे दाबत गेले तर माऊसला हात न लावता शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचता येते. आणि लँकेस्टरच्या हार्डींनी केले तसे मजकुराची फाइलच सरळ उघडून बदलणारा प्रोग्रॅम मिळाला, तर मेनू, चौकटी, थांबणे, करड्या ओळी हे सगळेच गळून पडते. मेनूवर क्लिक करणारी स्क्रिप्ट हा शेवटचा उपाय आहे. दुसरे दार नसेल तेव्हाचा.

चारशेऐवजी फायली वीसच असतील, तर चहाचा कप घेऊन बसावे आणि हातानेच कराव्यात. स्क्रिप्ट लिहून, तपासून, दुरुस्त करून एक संध्याकाळ जाते, वीस फायली अर्ध्या तासात होतात. शिवाय हाताने करताना आजोबा मध्येच थांबून एखादा जुना लेख मोठ्याने वाचून दाखवतात, त्याला स्क्रिप्टमध्ये जागा नाही.